मंडपातले ज्ञान आणि टेबलाशेजारचे शिक्षण

मुक्ताईनगर तालुक्यात ‘मनुष्यबळ विकास विभाग’ अशी पाटी लावलेले कार्यालय सहसा दिसत नाही. मनुष्यबळाचे तंत्रज्ञान मात्र इथल्या प्रत्येक गावात पोहोचले आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून निघतो आणि तहसीलमधल्या लिपिकाचा ‘सेवार्थ’मधून. अंगणवाडी सेविका २०२१ पासून आपले रोजचे काम ‘पोषण ट्रॅकर’वर नोंदवते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरची हजेरी बंधनकारक झाली आणि कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायचे ठरले. हजेरी, पगार, रजा, कामाचे मोजमाप आणि प्रशिक्षणाची नोंद या पाच गोष्टींसाठी बड्या कंपन्या महागडी सॉफ्टवेअरे घेतात. तीच पाच कामे इथे अंतुर्लीत, कुऱ्ह्यात आणि उचंद्यात सरकारी अ‍ॅपवर चालतात.

या साधनांचा बाजार मोठ्या शहरांतल्या परिषदांत भरतो. ती वापरायला माणसे शिकतात ते मात्र कामाच्या जागी, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून. पहिल्या गोष्टीवर पैसा खर्च होतो, तिचे अहवाल निघतात, फोटो छापून येतात. दुसरी गोष्ट कुठल्याच कागदावर येत नाही. परिषदा निरुपयोगी आहेत असे मला म्हणायचे नाही. परिषदेत पाहिलेले तंत्र कामावर रुजवणाऱ्या माणसाला आपण वेळ देत नाही, मान देत नाही आणि मोबदलाही देत नाही. त्यामुळे दोन्हीकडचा खर्च वाया जातो, हे माझे म्हणणे आहे. या लेखात परिषदांची परंपरा, कामावरच्या शिक्षणाचा जगभर झालेला अभ्यास आणि मुक्ताईनगर-भुसावळ पट्ट्यातला प्रत्यक्ष अनुभव एकत्र ठेवून या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

परिषदांची वाटचाल

आपल्याकडे कामगारांचा विचार करणारा स्वतंत्र पेशा कारखान्यांतून उभा राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याच वर्षी कोलकात्यात आणि १९५० मध्ये मुंबईत या व्यावसायिकांच्या संस्था निघाल्या. १९८० मध्ये दोन्ही एकत्र येऊन ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट’ झाली. १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था आखली. हिशेब आणि शिस्त यांच्यापलीकडे जाऊन माणसाची वाढ हा कंपनीच्या कामाचा भाग मानणारा भारतातला तो पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. १९८५ मध्ये ‘नॅशनल एचआरडी नेटवर्क’ स्थापन झाले आणि या विषयावरच्या वार्षिक मेळाव्यांना बळ आले.

या सुरुवातीच्या मेळाव्यांत विषय माणसाचा होता. संगणक आल्यावर साधनाचा विषय पुढे आला. अमेरिकेत १९९८ पासून मनुष्यबळ तंत्रज्ञानासाठी वेगळी परिषद भरू लागली, आणि भारतातही गेल्या दशकभरात दिल्ली परिसरात अशा तंत्रज्ञानाचे मोठे मेळावे होऊ लागले. त्यांत एका बाजूला व्यासपीठ असते आणि दुसऱ्या बाजूला विक्रेत्यांचे स्टॉल. पगार, भरती, हजेरी, प्रशिक्षण आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता अशा प्रत्येक कामासाठी कोणी ना कोणी काही विकत असते.

अशा ठिकाणी जाण्याचा खरा फायदा भाषणांत क्वचितच असतो. भाषण नंतर घरी बसूनही ऐकता येते. फायदा असतो तो आपल्यासारखेच काम करणारा अनोळखी माणूस भेटण्यात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते. जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी माहिती बाहेरच्या वर्तुळातून येते. परिषद ही अशा ओझरत्या ओळखी जोडण्याची जागा आहे. हॅरिसन ओवेन यांना १९८० च्या दशकात जाणवले, की लोकांना सर्वाधिक उपयोगी गप्पा चहाच्या सुटीत होतात. म्हणून त्यांनी ठरीव वक्ते नसलेली, उपस्थितांनीच विषय मांडायचे आणि गट करून बोलायचे, अशी ‘ओपन स्पेस’ पद्धत रूढ केली. २००५ पासून संगणक क्षेत्रात पसरलेल्या ‘बारकॅम्प’ मेळाव्यांचीही हीच रीत आहे.

मर्यादाही याच रचनेत आहे. परिषदेला जातो तो बहुधा खरेदीचा निर्णय घेणारा अधिकारी. साधन रोज हाताळणारा माणूस जागेवरच राहतो. अधिकारी परत येतो आणि परिपत्रक काढतो. त्याने तिथे कोणाला काय विचारले, दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने कोणती अडचण सांगितली, हे परिपत्रकात उतरत नाही. टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी १९८८ मध्ये प्रशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शिकलेले कामात उतरेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते, अशी मांडणी त्यांनी केली: शिकणारा माणूस, प्रशिक्षणाची आखणी आणि परतल्यावरचे कामाचे वातावरण. वरिष्ठाचा पाठिंबा आहे का, शिकलेले वापरायची संधी लगेच मिळते का, हे प्रश्न तिसऱ्या गोष्टीत येतात. आपण पहिल्या दोहोंवर पैसे घालतो आणि तिसरी सोडून देतो.

कामावरच्या शिक्षणाचा अभ्यास

‘सत्तर-वीस-दहा’ हे सूत्र मनुष्यबळाच्या परिषदांत हमखास ऐकू येते. माणूस सत्तर टक्के प्रत्यक्ष कामातून, वीस टक्के इतरांकडून आणि दहा टक्के वर्गातून शिकतो, असे ते सांगते. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेच्या १९८० च्या दशकातल्या कामातून ते पुढे आले. मात्र त्याचा पाया म्हणजे यशस्वी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या आठवणीतून सांगितलेले अनुभव होते. ते आकडे मोजमाप करून आलेले नाहीत, आणि अंगणवाडी सेविकेला किंवा वायरमनला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. सूत्रामागची दिशा पटण्यासारखी आहे. आकड्यांचा आधार घेऊन प्रशिक्षणाचा खर्च कापणे मात्र चूक आहे.

याहून भक्कम काम मानवशास्त्रज्ञांनी केले आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये लायबेरियातले शिंपी, मेक्सिकोतल्या युकातानमधल्या सुईणी, खाटीक आणि जहाजावरचे खलाशी यांच्या शिकण्याचा मागोवा घेतला. नवखा माणूस आधी कडेची, कमी धोक्याची पण खरी कामे करतो; हळूहळू मध्याकडे सरकतो; आणि काम शिकता शिकता त्या मंडळींतला एक होतो. लायबेरियातले शिकाऊ शिंपी सुरुवात करतात ती बटणे लावणे, काठ शिवणे अशा शेवटच्या कामांपासून. तयार कपडा कसा असतो हे त्यामुळे त्यांच्या नजरेत आधी बसते, आणि कापड बेतायची पाळी नंतर येते. चूक झाली तरी कापड वाया जात नाही, हा या क्रमाचा दुसरा फायदा.

ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांसोबत राहून १९९६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले, की पुस्तिकेत नसलेले बिघाड हे कामगार एकमेकांना किस्से सांगून सोडवतात. नाश्त्याच्या टेबलावरच्या गप्पा हाच त्यांचा वर्ग होता. कंपनीने पुढे ‘युरेका’ नावाची नोंदवही संगणकावर सुरू केली. कामगाराने सापडलेली युक्ती लिहायची, इतर जाणत्या कामगारांनी ती तपासायची आणि तिच्यापुढे लिहिणाऱ्याचे नाव राहायचे. बोलण्यातले ज्ञान नोंदीत आणताना त्यावरचा कामगाराचा हक्क पुसला गेला नाही, हे त्यातले मोलाचे.

भारतातले चित्र सरकारी पाहणीतही दिसते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात उद्धृत केलेल्या आकड्यांनुसार १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले होते, तर १६.६ टक्के तरुण अनौपचारिक मार्गाने शिकले होते. या अनौपचारिक मार्गांत घरचा पिढीजात धंदा, स्वतःच्या धडपडीने शिकणे आणि कामावर शिकणे असे प्रकार मोजले जातात. म्हणजे देशातले बहुतेक कौशल्य ज्या वाटेने येते त्या वाटेवर ना शिक्षक नेमलेला आहे, ना शुल्क, ना दाखला.

केळीच्या बागेतला पुरावा

कामावरच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा प्रयोग या भागात केळीच्या बागेत झाला. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात पूर्वी कंद लावून बसराईसारख्या जातींची केळी घेत. पीक हाती यायला साधारण दीड वर्ष लागे. जळगावच्या जैन इरिगेशनने १९८० च्या दशकात ठिबक आणि १९९० च्या दशकात ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे आणली. पीक वर्षभराच्या आत येऊ लागले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. कंपनीच्या जैन हिल्स परिसरात शेतकऱ्यांच्या सहली येत राहिल्या, पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या कृषी प्रदर्शनालाही खान्देशातून गाड्या जातात. नवे काय आहे हे शेतकऱ्याने तिथे पाहिले, यात शंका नाही.

पण बागेतली रोजची कामे प्रदर्शनात शिकता येत नाहीत. पिलं कधी आणि किती खोल कापायची, केळफूल कोणत्या दिवशी तोडायचे, घडावर स्कर्टिंग बॅग केव्हा चढवायची, ठिबकच्या नळ्या केव्हा धुवायच्या, विद्राव्य खत किती दिवसांनी सोडायचे, हे बांधावर उभे राहून शिकावे लागले. मृग बागेचे वेळापत्रक वेगळे, कांदे बागेचे वेगळे, आणि तापीकाठच्या उन्हाळ्यात कोणतेही छापील वेळापत्रक तंतोतंत चालत नाही. निर्यातीसाठी पॅकहाऊस सुरू झाले तेव्हा आणखी एक थर आला. फणी वेगळी करताना चीक फळावर पडू द्यायचा नाही, तुरटीच्या पाण्यात धुवायचे, खरचटलेली फणी बाजूला काढायची, खोक्याचे वजन बरोबर आणायचे. हे कसब कापणी आणि पॅकिंगच्या टोळ्यांकडे आहे. टोळीत नवा आलेला मुलगा आधी क्रेट उचलतो, मग धुण्यावर येतो आणि सुरी त्याच्या हाती सर्वांत शेवटी पडते. लेव्ह आणि वेंगर यांनी पुस्तकात मांडलेला क्रम इथे कोणी न सांगता पाळला जातो.

शासनाच्या कामातही याची दखल घेणारा एक नमुना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्ताने शेतीशाळा सुरू केल्या. शेतकऱ्यांचा गट हंगामभर ठरावीक दिवशी शेतातच जमतो, पीक बघतो, किडी आणि मित्रकीटक मोजतो आणि फवारणी करायची की नाही हे आपसांत ठरवतो. महाराष्ट्रात २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पंधरा जिल्ह्यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यात मराठवाडा आणि विदर्भाबाहेरचा एकच जिल्हा होता, जळगाव. शेतीशाळेचे वैशिष्ट्य असे, की तिला तारीख आणि जागा आहे, शिकवण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवलेली आहे. पण शिकणे कामाच्या जागी, कामाच्या वेळी आणि शेजाऱ्यासोबत होते. औपचारिक आणि अनौपचारिक यांच्यात भांडण लावण्याची गरज नाही, हे ती दाखवून देते.

गुरुजींनी स्वतः उभी केलेली शाळा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी खात्यापेक्षा शिक्षकांनी एकमेकांना तंत्रज्ञान जास्त शिकवले, असे मला वाटते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा शब्द घरोघरी गेला. सरकारी नोकरीसाठी संगणक परीक्षेची अट आली. त्या अभ्यासक्रमाने अनेकांची संगणकाची भीती घालवली, पण वर्गात किंवा पगारबिलात संगणक कसा वापरायचा हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही ओळख रुजली. जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, आणि त्यांच्या आधीपासूनच शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट चालू होते. ऑफलाइन अ‍ॅप कसे बनवायचे, व्हिडिओ कसा कापायचा, सरल पोर्टलवर विद्यार्थ्याची बदली कशी नोंदवायची, याची उत्तरे रात्री अकरा वाजताही मिळत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी रचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. भाषण ऐकण्यापेक्षा चालू वर्गात मागे बसून पाहणे त्यांना पटले. सभागृहातल्या परिषदेपेक्षा हा फार वेगळा प्रकार होता, कारण पाहायला येणारा आणि दाखवणारा एकाच कामातले होते.

मुक्ताईनगरच्या शिक्षकासाठी खरी परिषद म्हणजे केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक एखाद्या शाळेत जमतात, केंद्रप्रमुख विषय मांडतात, एखादा आदर्श पाठ होतो. तिचा सर्वाधिक उपयोग कधी होतो, हे कोणताही शिक्षक सांगेल: एखादी मॅडम स्वतःच्या वर्गात काय केले हे दाखवतात आणि बाकीचे प्रश्न विचारतात तेव्हा. वरून आलेल्या सूचना वाचून दाखवण्यात दिवस गेला, तर तोच दिवस कोरडा जातो. २०१८ च्या सुरुवातीला शालार्थ प्रणाली बंद पडली आणि पगारबिले ऑफलाइन करावी लागली. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती जुनी बिले हाताने केलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या लिपिकाची आठवण. नवी प्रणाली आणताना जुन्या जाणत्यांना बाजूला सारणे किती महागात पडू शकते, याचा तो धडा होता.

लहानाकडून शिकणे

या मातीत एक जुनी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे, आणि थोड्या अंतरावर मेहूणला १२९७ मध्ये मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, असे परंपरा मानते. योगसामर्थ्याने नावाजलेल्या, वयाने कितीतरी मोठ्या चांगदेवांनी या मुलीला गुरू केले. वारकऱ्यांनी ही गोष्ट सातशे वर्षे आदराने सांगितली आहे. कंपन्यांच्या जगात १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्श यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावले, आणि त्या प्रथेला नवे नाव मिळाले. आपल्याकडे तिला मान्यता मिळवून द्यायची गरजच नव्हती.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतनावर तरुणांना सहा महिने कामाच्या जागी नेमले गेले. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कार्यालये अशा ठिकाणी ही मुले-मुली बसली. योजनेत शिकणारे ते होते. पण संगणकावरच्या नोंदी, पोर्टलवरचे अर्ज, मोबाइलची अडचण यांत कार्यालयातले दादा-ताई त्यांच्याकडूनच शिकत होते. हे शिकवणे योजनेच्या कोणत्याही रकान्यात नव्हते. मुदत संपली, मुले गेली आणि त्यांच्यासोबत ती जाणही गेली. तरुणांनी कायम नोकरी मागितली, ती मागणी समजण्यासारखी आहे. पण निदान एवढे तरी व्हायला हवे होते, की त्यांनी कोणाला काय शिकवले याची नोंद त्यांच्या प्रमाणपत्रावर यावी.

ओझे कोणाच्या खांद्यावर

अनौपचारिक शिक्षणाचे गोडवे गाताना त्याचा भार कोण वाहतो हे विसरले जाते. पोषण ट्रॅकर आला तेव्हा अंगणवाडी सेविकांना मिळालेले मोबाइल निकृष्ट होते आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी होती. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. त्या आंदोलनाकडे तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. मराठीत काम करणाऱ्या बाईला मराठीत साधन द्या, चालणारा फोन द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मधल्या काळात अ‍ॅप चालवायला त्या कशा शिकल्या? मुलाकडून, पुतणीकडून, शेजारच्या गावातल्या सेविकेकडून, बीटच्या बैठकीत एकमेकींच्या फोनमध्ये डोकावून. मानधनावर काम करणाऱ्या स्त्रीने घरच्या वेळात, घरच्या माणसाकडून सरकारी साधन शिकून घेतले. त्या शिकण्याची किंमत राज्याने मोजली नाही.

दुसरा प्रश्न प्रवेशाचा आहे. कामावरच्या गप्पा जिथे रंगतात त्या जागा सर्वांना सारख्या खुल्या नसतात. सुटल्यावर चहाच्या टपरीवर थांबणारे पुरुष बदलीची, पोर्टलची, नव्या अर्जाची माहिती तिथेच मिळवतात. ज्या बाईला साडेपाचची बस पकडून घरी स्वयंपाकाला लागायचे आहे, तिच्यापर्यंत ती माहिती उशिरा पोहोचते. जातीच्या आणि गटाच्या भिंतीही असतातच. ‘शिकायचे असेल तर विचारा’ हे वाक्य सोपे आहे, पण विचारण्याचे धैर्य सर्वांना सारखे नसते.

तिसरी मर्यादा चुकीच्या ज्ञानाची. ऐकीव माहिती जशी चांगली पसरते तशी वाईटही पसरते. अलीकडच्या काही पावसाळ्यांत रावेर, यावल, मुक्ताईनगर भागातल्या केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा प्रादुर्भाव झाला. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या या रोगावर झाड बरे करणारे औषध नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करणे, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक न घेणे आणि माव्याचा बंदोबस्त करणे, हेच उपाय. अशा वेळी ‘अमुक फवारले की बाग सुधारते’ या बांधावरच्या सल्ल्याने पैसे जातात आणि रोगट झाडेही उभी राहतात. विषाणू डोळ्यांनी दिसत नाही. तिथे प्रयोगशाळा आणि कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला पर्याय नाही. विजेच्या खांबावर, कीटकनाशकाच्या डब्याजवळ, औषध देताना शेजाऱ्याचे अनुकरण जीवावर बेतू शकते. अनौपचारिक शिक्षणाला तपासणारा जाणकार हवाच.

भुसावळची रीत

तपासणी आणि कामावरचे शिक्षण एकत्र नांदू शकते, याचा उत्तम नमुना इथून जवळच आहे. भुसावळला मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. रेल्वेचा लोको पायलट तिथे नियम आणि सिग्नल शिकतो, परीक्षा देतो. पण नव्या मार्गावर गाडी चालवायला तेवढे पुरत नाही. त्या मार्गावर त्याला जाणत्या चालकासोबत, रात्रीच्या फेरीसह, ‘रोड लर्निंग’ करावे लागते. कुठे वळण आहे, कुठे चढ, कोणता सिग्नल उशिरा दिसतो, हे पाहून झाल्यावर त्याने मार्ग ओळखल्याची सही करायची असते. शिकण्याच्या या फेऱ्या कामाचे तास म्हणून धरल्या जातात. शिकवणारा ठरलेला असतो आणि शिकल्याची जबाबदारी लेखी घेतली जाते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही हाच विचार आहे. आयटीआयचा मुलगा कारखान्यात विद्यावेतनावर काम करतो आणि शेवटी परीक्षा देतो. भुसावळची आणि वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे या भागातल्या अनेक घरांना ‘अ‍ॅप्रेंटिस’ हा शब्द परका नाही. २०१५ नंतर कौशल्य विकास योजनेत अनुभवातून शिकलेल्यांना परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय झाली. ती चांगली आहे, पण एक दोष तिच्यात राहिला: दाखला शिकणाऱ्याला मिळतो, शिकवणाऱ्याला काहीच नाही. २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे दालन उघडले. तिथेही पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची बेरीज होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कोणी मदत केली याची होत नाही.

आता काय करावे

या सगळ्या आढाव्यातून मला चार गोष्टी निघताना दिसतात, आणि एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

पहिली, परिषदेला पाठवण्याची निवड बदलावी. दोन जागा असतील तर एक अधिकाऱ्याला आणि एक साधन रोज वापरणाऱ्याला द्यावी. जाण्यापूर्वी कार्यालयातल्या सगळ्यांकडून अडचणींची यादी घ्यावी आणि परतल्यावर आठवड्याच्या आत तिच्यावर बैठक लावावी. बाल्डविन आणि फोर्ड यांनी सांगितलेले तिसरे अंग एवढ्याने उभे राहते.

दुसरी, शिकवण्याच्या वेळेला कामाचा वेळ मानावे. तालुक्यात पोषण ट्रॅकर उत्तम चालवणारी सेविका असेल, शालार्थ तोंडपाठ असलेले गुरुजी असतील, तर त्यांना महिन्यातले काही तास त्याच कामासाठी मोकळे करावेत, प्रवासखर्च आणि मानधन द्यावे. लोको पायलटला जे मिळते ते सेविकेला का मिळू नये?

तिसरी, केंद्राची शिक्षण परिषद, बीटची बैठक आणि ग्रामरोजगार सहाय्यकांच्या सभा यांतला निम्मा वेळ सूचनांतून मोकळा करून उपस्थितांच्या अडचणींना द्यावा. बैठक कामाच्या वेळेतच संपावी, म्हणजे बायकांना पूर्ण भाग घेता येईल. तिथे सापडलेली उत्तरे मराठीत, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावीत आणि एखाद्या जाणकाराने ती तपासावीत. झेरॉक्सच्या कामगारांनी केले ते आपल्या पंचायत समितीला अवघड नाही.

चौथी, साधन विकत घेण्यापूर्वी वापरणाऱ्यांकडून ते तपासून घ्यावे. भाषा मराठी आहे का, नेटवर्क नसताना चालते का, चूक दुरुस्त करता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे सेविका आणि मजूर जेवढी अचूक देतील तेवढी कोणताही स्टॉल देणार नाही.

मोठ्या शहरांतल्या परिषदा भरत राहाव्यात. नवे तंत्र, नवे विचार आणि अनोळखी सहकारी तिथेच भेटतात, आणि मुक्ताईनगरसारख्या तालुक्याला त्या वाऱ्याची गरज आहे. पण ते तंत्र इथल्या कामात उतरवते ती फोनमध्ये डोकावून दाखवणारी ताई, बांधावर पिलं कापून दाखवणारा भाऊ, जुने बिल आठवणारे बाबू. त्यांचे काम शिक्षण आहे, हे अंदाजपत्रकात लिहिले जाईल तेव्हाच परिषदांवरचा आपला खर्च सत्कारणी लागेल.